सौंसर की सावनेर? सीमेवरच्या एका घराचा शोध

इंदूरहून नागपूरला जाणारा महामार्ग बैतूल आणि मुलताई मागे टाकून सातपुड्याच्या पठारावरून खाली उतरू लागतो. रेल्वेने आलात तर हाच उतार चिचोंडा आणि तिगाव या स्टेशनांमधल्या घाटात भेटतो. वर सागाचं रान, खाली काळी जमीन, कापूस आणि संत्र्याच्या बागा. हवेत ऊब येते. रस्त्याकडेचा चहावाला ‘भैया’ न म्हणता ‘भाऊ’ म्हणतो आणि पुढे विचारतो, "नागपूरले चालले का जी?" अजून मध्य प्रदेश संपलेला नसतो, पण मराठी माणसाच्या कानाला घरी आल्यासारखं वाटतं. हे पांढुर्णा. तिथून चाळीसेक किलोमीटरवर सौंसर.

यंदा फेब्रुवारीत आम्ही या भागात चार दिवस हिंडलो, ते मात्र पर्यटनासाठी नाही. जावईबापूंना सौंसर तालुक्यातल्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात नोकरी लागली. भाची एका नागपूरच्या फर्मचे हिशेब बघते, आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात जावं लागतं, बाकी काम घरून. मुलगी चौथी संपवून पाचवीत जाणार. सोबत भाचीच्या सासूबाई, गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरणारे. घर कुठे करायचं, हा प्रश्न. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं म्हणून मला शाळा बघायला सोबत घेतलं होतं. (प्रवासात खिडकीची जागा मिळावी, ही माझी एकच अट.) आपल्या मंडळातल्या अनेक घरांतली मुलं बदलीच्या नोकऱ्यांत आहेत. त्यांना उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी या भागाची जरा ओळख. 1956 पर्यंत मध्य प्रदेश म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, आणि त्याची राजधानी नागपूर. तेव्हा सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला नागपूर म्हणजे बाजार, कोर्ट, कॉलेज, दवाखाना आणि सरकारही. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत घाटाखालचा हा मराठी पट्टाही. सरकार भोपाळला गेलं, बाकी सगळं नागपूरलाच राहिलं. आजही इथल्या लग्नाची खरेदी नागपूरला, मोठं आजारपण नागपूरला आणि सोयरिकी काटोल, नरखेड, सावनेरच्या. कागद मात्र सगळे हिंदीत.

आमचा सगळा प्रश्न या एका वाक्यात मावतो, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

पांढुर्ण्याला ऑक्टोबर 2023 मध्ये जिल्ह्याचा मान मिळाला. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके काढून हा नवा जिल्हा झाला. त्याआधी साध्या दाखल्यासाठी पांढुर्ण्याच्या माणसाला घाट चढून छिंदवाडा गाठावं लागे, म्हणजे जाण्यायेण्यात अख्खा दिवस. आता कलेक्टर गावात बसतो. नवा जिल्हा झाला की काय होतं, ते घरभाड्यात आधी दिसतं. सरकारी कर्मचारी येतात, दोन खोल्यांची मागणी वाढते, वरचा मजला घाईने बांधला जातो. आम्ही पाहिलेल्या तीन घरांपैकी दोन घरांच्या जिन्याला कठडा लागायचा होता. सासूबाईंनी खालूनच हात जोडले.

पांढुर्ण्याची मोठी बाजू म्हणजे रेल्वे. दिल्ली-चेन्नई हा देशाचा मुख्य मार्ग गावातून जातो. नरखेड, काटोल, कळमेश्वर करत गाडी नागपूरला पोचते, अंतर शंभरेक किलोमीटर. मासिक पास काढून ‘अप-डाउन’ करणारी मंडळी इथे पुष्कळ. हा शब्द या भागात क्रियापदासारखा वापरतात: ‘मी पाच वर्षं अप-डाउन केलं.’ पण मुख्य मार्गावर असणं आणि गाडी थांबणं यात फरक आहे. रात्रंदिवस गाड्या धडधडत जातात, थांबतात त्यातल्या मोजक्या. घर घेण्याआधी स्टेशनवर जाऊन सकाळी कोणती गाडी खरोखर थांबते आणि संध्याकाळची परतीची गाडी सहसा किती उशिरा येते, हे रोज जाणाऱ्याला विचारावं. आम्ही विचारलं. एक गृहस्थ म्हणाले, "जाणं आपल्या हाती हाय जी, येणं रेल्वेच्या."

जावईबापूंना तर रेल्वेचा उपयोगच नव्हता. पांढुर्ण्याहून बोरगाव पन्नासच्या वर किलोमीटर, तेही सौंसर ओलांडून. तरी भाचीला गाव आवडलं होतं, म्हणून आम्ही एक दिवस जास्त थांबलो. जांब नदीच्या काठी गेलो. नदीच्या एका बाजूला पांढुर्णा, दुसऱ्या बाजूला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथेच गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. झेंडा ज्या गावाचा माणूस काढून आणतो ते गाव जिंकलं, आणि मग तो चंडीमातेला वाहायचा. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली, नदीत दोघांवर दगड पडले, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोक दगडांवरच आले. ज्या घराची वरची खोली आम्ही पाहत होतो, तिथल्या आजी हे सगळं सांगताना पोळ्यांना तूप लावत होत्या. त्यांच्या धाकट्याच्या कपाळावर खूण होती. "त्या दिवशी नातवाले मी घरात कोंडतो," त्या म्हणाल्या, "पण माझा नवरा जायचा न बाई." परंपरा म्हणून मी तिचं कौतुक करू शकले नाही. आणि वर्षातले बाकीचे 364 दिवस हे अत्यंत शांत, अगत्यशील गाव आहे, हेही तितकंच खरं.

पांढुर्ण्याहून सौंसरचा रस्ता संत्र्यांच्या बागांतून जातो. फेब्रुवारी हा त्यासाठी फार चांगला महिना. एकीकडे मृग बहाराची फळं उतरवणं चालू, दुसरीकडे आंबिया बहाराची फुलं उमललेली. गाडीच्या काचा खाली केल्या की वास आत येतो. नागपुरी संत्रा म्हणून जे देशभर जातं, त्यातलं बरंचसं या मध्य प्रदेशी शेतांतलं असतं. नाव नागपूरचं, सातबारा... नाही, इथे सातबारा म्हणत नाहीत, ‘खसरा-खतौनी’ म्हणतात. असे शब्द पावलोपावली बदलतात. बोलणं मराठी, कागद हिंदी. इंदूरच्या आमच्या मराठीला इथल्या मुली हसल्या आणि त्यांच्या ‘मले’, ‘तुले’ला आमची नात हसली. फिटांफीट झाली.

सौंसर पांढुर्ण्याहून बरंच लहान. एक मुख्य रस्ता, जुना बाजार, कापसाची उलाढाल, आणि जवळच जामसावळीचा निद्रिस्त हनुमान, ज्याच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी नागपूरपर्यंतची गर्दी लोटते. माझं बालपण छिंदवाड्यात गेलं, तेव्हा इथून ‘छोटी लाईन’ जायची. इतवारी, सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना आणि मग भीमालगोंदीचा घाट. ती नॅरोगेज 2015 च्या अखेरीस बंद झाली. पुढची काही वर्षं लोकांनी बसवर काढली. आता ब्रॉडगेज झाली आहे. पण गाड्या थोड्या आहेत, त्यामुळे ऑफिसची वेळ गाठायची तर भरवसा अजून रस्त्याचाच. मध्य प्रदेशात सरकारी एसटी कधीच गुंडाळली गेली, म्हणून बस खासगी. ती भरल्याशिवाय सुटत नाही, हा तिचा पहिला नियम.

तिसऱ्या दिवशी रात्री लॉजवर जावईबापूंनी वहीत हिशेब मांडला. तो इथे देते, कारण आमच्या बऱ्याच वादांवर त्याने पडदा पडला. बोरगाव नागपूर आणि सौंसरच्या मधे आहे, सौंसरपासून साधारण 15, सावनेरपासून 20 आणि उत्तर नागपूरच्या कोराडी रस्त्यापासून 45 ते 50 किलोमीटर. उत्तर नागपुरात घर केलं तर रोज जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, महिन्याच्या 25 दिवसांचे 2,500. एकेरी सव्वा तास धरला तर महिन्याचे 62 तास रस्त्यावर. सौंसरहून महिन्याचे 750 किलोमीटर आणि 21 तास. म्हणजे 40 तासांचा फरक. "मुलीला झोपलेली बघून जायचं आणि झोपलेली बघायला यायचं, असं नको," असं ते म्हणाले. हा माणूस एरवी फार बोलत नाही.

गाडीचीही गोष्ट आहे. मध्य प्रदेशच्या क्रमांकाची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नव्याने नोंदणी करून तिथला कर भरावा लागतो. सीमेवर राहणाऱ्यांना हे माहीत असतं, बदलून येणाऱ्यांना दंडाची पावती आल्यावर कळतं.

तरी भाचीचा ओढा नागपूरकडे. गोधनी, झिंगाबाई टाकळी, मानकापूर, कोराडी रोड हा सगळा भाग गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढला आहे. लिफ्टच्या इमारती, खेळायला जागा, दहा मिनिटांवर दवाखाना. दवाखान्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, विषारी खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलं दगावली. मूत्रपिंडं निकामी झालेल्या अनेक लेकरांना नागपूरला आणावं लागलं होतं. त्या बातम्या वाचलेली आई ‘सौंसरला बालरोगतज्ज्ञ आहे का, रात्री भेटतो का’ हे आधी विचारणारच. आम्ही दोन औषधांच्या दुकानांत आणि एका शाळेच्या फाटकाशी उभ्या आयांना हेच विचारलं. तापाखोकल्याला गावात डॉक्टर आहेत, त्यापुढचं काही असेल तर चारचाकी ठरवून नागपूर, असं एकमुखी उत्तर मिळालं. रात्री येणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये होता. आम्हीही घेतला.

आता शाळा. हे माझं खातं, म्हणून इथे थोडा वेळ घेते.

शाळा बघायला सकाळी अकराला, साहेबांची वेळ घेऊन जाऊ नये. सुटण्याच्या वेळी जावं. फाटक कोण उघडतं, लहान मुलं रस्ता कशी ओलांडतात, रिक्षात किती कोंबतात, हे पाच मिनिटांत दिसतं. मुलींचं स्वच्छतागृह बघायचा आग्रह धरावा. कुलूप असेल तर किल्ली मागावी. पाचवीला गणित कोण शिकवतं आणि ती व्यक्ती किती वर्षं तिथे आहे, हे विचारावं. दरवर्षी शिक्षक बदलणाऱ्या शाळेत इमारत कितीही चकचकीत असो, माझी पोर मी घालणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक, उच्च प्राथमिकला 35 मागे एक, हे प्रमाण ठरवून दिलं आहे. वर्गात डोकावून बाकं मोजली तरी अंदाज येतो.

एका शाळेच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं होतं. पॅटर्न म्हणजे पुस्तकं त्या धर्तीची, मान्यता निराळी. मान्यता असेल तर तिला क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मी क्रमांक विचारल्यावर बाईंनी पाणी मागवलं. क्रमांक शेवटपर्यंत आला नाही.

सत्राचं गणितही बघावं लागतं. मध्य प्रदेशात शाळा 1 एप्रिलला सुरू होते आणि मग उन्हाळ्याची सुट्टी लागते. महाराष्ट्र मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात, विदर्भातल्या उन्हामुळे त्यातही उशिरा. शिवाय मध्य प्रदेशात पाचवी आणि आठवीला मंडळाच्या धर्तीवर परीक्षा असते. म्हणजे आमची नात नव्या गावात पहिल्याच वर्षी परीक्षेला बसणार. प्रवेशाला ‘समग्र आयडी’ लागतो, आणि त्यातला पत्ता इंदूरचाच राहिलेला. तो आधी बदलून घ्या, हे आम्हाला एका कारकुनाने आपणहून सांगितलं. त्याचे उपकार.

नवोदयचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावं: मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवी शिकतं त्याच जिल्ह्यातून परीक्षा देता येते. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, आणि त्यासाठी तिसरी ते पाचवी गावातल्या शाळेत झालेली हवी. सौंसर ही नगरपालिका, म्हणजे शहर. तीन किलोमीटरवरच्या खेड्यातल्या मुलाचं गणित निराळं होतं.

सावनेर आम्ही शेवटी पाहिलं. सीमेपलीकडे, महाराष्ट्रात. अंतर जवळजवळ सौंसरइतकंच सोयीचं आणि नागपूर पाऊण-एक तासावर. भाचीच्या ऑफिसला तर फारच बरं. तिथे शाळेत मराठी अनिवार्य आहे; 2020 च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्या मंडळांच्या शाळांना ती शिकवावीच लागते. माझ्या मनाने सावनेरला लगेच कौल दिला. सौंसरच्या ज्या शाळा आम्ही पाहिल्या तिथे हिंदी, इंग्रजी आणि तिसरी संस्कृत. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांची आडनावं मराठी, डब्यात भाकरी-पिठलं, आणि वहीत मराठीचं अक्षर नाही. एका मुलीला मी फळ्यावर ‘ळ’ काढायला सांगितला. बोलताना तिने तो अगदी स्वच्छ उच्चारला होता. लिहिताना ‘ल’ काढला. ते मला फार लागलं.

पण मग दाखल्यांचा प्रश्न आला. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातून प्रवेश हवा तर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि अधिवासाचा दाखला हवा. मध्य प्रदेशच्या जागांसाठी तिथलं मूळ निवासी प्रमाणपत्र. मधेच राज्य बदललं की मूल दोन्हीकडे परकं ठरायची भीती. ज्यांचे जातीचे दाखले आहेत त्यांचं तर आणखी अवघड. एका राज्यातलं आरक्षण दुसऱ्या राज्यात चालत नाही, आणि एकच जात दोन राज्यांच्या याद्यांत निरनिराळ्या गटांत असू शकते. सीमेवरच्या एका शिक्षकांनी सांगितलं, "आमच्याकडे लोक आठवीतच ठरवतात. नववीला जे राज्य, तेच पुढे." नऊ वर्षांच्या मुलीचं घर तिच्या बारावीवरून ठरवावं, हे मला पटत नाही. ती डॉक्टर होईल की नर्तकी, कोणास ठाऊक. पण तारीख माहीत असलेली बरी. आमच्यापुरती ती तारीख आठवीचा निकाल.

चौथ्या दिवशी सौंसरचं एक घर ठरलं. तळमजला, अंगणात पेरूचं झाड, शाळा पायी बारा मिनिटं, नळाला दिवसाआड पाणी पण विहीर आहे. अकरा महिन्यांचा करार. शाळा निवडली ती दोन मजली, रंग उडालेली. गणिताच्या बाई सतरा वर्षं तिथेच आहेत आणि त्यांनी मला क्रमांक न मागता दाखवला. भाची मंगळवार-शुक्रवार नागपूरला जाईल, पहाटेच्या बसने. तिच्यासाठी हे सोपं नाही. चौघांत सगळ्यात जास्त रस्ता तिच्या वाट्याला आला आहे, आणि ते तिने हिशेबाच्या वहीकडे बघत शांतपणे मान्य केलं. जावईबापूंनी त्या दोन दिवशी स्वयंपाक करायचं कबूल केलं आहे. सासूबाईंनी तो हिशेब वहीत लिहून घेतला.

मराठीचं काम माझ्याकडे. रविवारी सकाळी व्हिडिओवर अर्धा तास. वाचायला नागपूरचं मराठी वर्तमानपत्र, ते सौंसरला सकाळीच येतं. पहिला धडा ‘ळ’चा ठेवला आहे: केळं, जांभूळ, पोळा, जामसावळी. शेजारची एक मुलगी पण बसू का म्हणून विचारत होती. दोघींची पाटी मी इंदूरहून पाठवली आहे.